लंडनची हॉप-ऑन हॉप-ऑफ बस : पहिल्या फेरीत उतरू नका

मे महिना लागला की आमच्या लंडनजवळच्या स्लावच्या घरी पाहुण्यांचा मोसम सुरू होतो आणि गणपतीपर्यंत चालतो. हीथ्रोवरून घरी येतानाच गाडीत पहिला प्रश्न येतो, "ती वरून उघडी बस असते ना, कुठेही चढा, कुठेही उतरा, ती करायची का?" त्या बसमधून मी आतापर्यंत सात-आठ वेळा फिरले आहे. सासू-सासऱ्यांबरोबर, चुलतभावाच्या तीन पोरांना घेऊन, आत्या-आतोबांबरोबर. व्हॉट्सॲपवर प्रत्येकाला तेच ते टाइप करून बोटं दुखली, म्हणून आता एकदाच सगळं लिहून ठेवते.

उत्तर आधीच देते. करायची, पण पहिल्यांदा लंडनला येत असाल तरच, आणि लंडनमधल्या पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशीच. आठ दिवस ट्यूबने, म्हणजे भुयारी रेल्वेने, हिंडून झाल्यावर शेवटच्या दिवशी ही बस घेणं म्हणजे जेवण उरकल्यावर ताट मांडणं.

आमची पहिली फजिती सासू-सासऱ्यांबरोबर झाली. चौघांची तिकिटं मिळून शंभर पाउंडांच्या वर गेली होती. एवढे पैसे मोजलेत म्हटल्यावर सासूबाईंचा हिशेब सरळ होता, थांबा आला की उतरायचं, नाहीतर वसूल कसं होणार? पहिल्या थांब्यावर उतरलो, फोटो काढले, पुन्हा बसची वाट बघत वीस मिनिटं उभे राहिलो. पुढच्या थांब्यावर पुन्हा तेच. दुपारी चार वाजता हिशेब केला तर तीन ठिकाणं बघून झाली होती आणि सगळा वेळ फुटपाथवर गेला होता. टॉवर ब्रिज आलाच नाही. घरी परतताना सासरे एवढंच म्हणाले, "बसमध्ये बसलो किती वेळ, सांग बघू?" तेव्हापासून माझा नियम ठरला : पहिली फेरी अख्खी बसून करायची. कितीही मोह झाला तरी उतरायचं नाही.

तिकीट घेण्याआधी

लंडनमध्ये या धंद्यात बिग बस, टूटबस अशा दोन-चार कंपन्या आहेत. बसचे रंग वेगळे, पण फिरवतात साधारण त्याच ठिकाणी. १९५१ च्या 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन'च्या वेळी लंडन ट्रान्सपोर्टने शहर दाखवणाऱ्या बसच्या सहली सुरू केल्या, तिथून ही प्रथा चालत आली आहे. मोठ्या माणसाचं एका दिवसाचं तिकीट ३०-४० पाउंडांच्या घरात जातं, म्हणजे साडेतीन ते साडेचार हजार रुपये. ऑनलाइन आधी काढलं तर बहुतेक वेळा थोडं स्वस्त पडतं. रस्त्यावर जॅकेट घालून तिकिटं विकणारा माणूस पकडायची गरज नाही. तो वाईट नसतो, पण तुम्ही उभे असता आणि त्याला घाई असते, त्यामुळे महागातला पास गळ्यात पडतो.

पैसे भरण्याआधी एक गोष्ट नीट वाचा. तिकीट '२४ तासांचं' आहे की 'एका दिवसाचं'? दोन्ही शब्द सारखेच वाटतात आणि इथेच लोक फसतात. २४ तासांचं तिकीट तुम्ही पहिल्यांदा बसमध्ये चढता तिथून मोजतात, म्हणजे आज दुपारी दोनला चढलात तर उद्या दुपारी दोनपर्यंत चालतं. एका दिवसाचं तिकीट त्याच दिवशी शेवटच्या बसबरोबर संपतं. दुपारी दोनला एक दिवसाचं तिकीट काढणारा माणूस अर्धे पैसे पाण्यात टाकतो. २४ तासांचं काढणाऱ्याला मात्र दीड दिवसाचं काम होतं. माझी सगळी योजना या एका फरकावर उभी आहे, म्हणून २४ तासांचंच मिळतंय ना, याची खात्री करा.

दुसरं, शेवटची बस किती वाजता. 'बस दिवसभर असते' या समजुतीवर राहू नका. नेहमीच्या लाल बस रात्रभर धावतात, पण या पर्यटक बस संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास आवरतं घेतात. जूनमध्ये लंडनला रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे घड्याळाकडे लक्षच जात नाही.

काही पासांमध्ये थेम्स नदीवरची बोटीची फेरी धरलेली असते. ती असेल तर घ्या. वेस्टमिन्स्टरहून टॉवरपर्यंत बोटीने गेलात की तेवढा ट्रॅफिक वाचतो आणि पायही मोकळे होतात. बाकी पासांबरोबर चिकटवलेल्या भेटवस्तू, सवलतीची पुस्तिका वगैरेकडे बघून निर्णय घेऊ नका.

सोबत काय घ्यायचं

जुलै असला तरी वाऱ्याला अडवेल असं जॅकेट. खाली उभं राहून ऊन अंगाला चटके देत असेल तरीही घ्या. बस पुलावर गेली की वरच्या मजल्यावर वारा कानात शिरतो. वेस्टमिन्स्टर पुलावर चुलतभावाच्या धाकट्याची टोपी उडाली, ती थेट थेम्समध्ये. त्यानंतर आमच्याकडे मुलांना कानावरून घट्ट बसणारी टोपी किंवा स्कार्फ सक्तीचा झाला. छत्री मात्र घेऊ नका. वर ती उघडता येत नाही, मागच्याच्या डोळ्यात जाते. पातळ रेनकोट पुरतो.

एक जुना नॅपकिन हवाच. सकाळी सर पडून गेली असेल तर वरच्या सीटवर पाणी साचलेलं असतं आणि ते पुसायला कोणी येत नाही. आत्यानं पिशवीतून जुन्या नऊवारीचा तुकडा काढून दोन रांगा पुसल्या, आमची आणि आमच्या पुढच्या जपानी जोडप्याची. नंतर त्यांनी आम्हाला लिमलेटच्या गोळ्या दिल्या.

स्वतःचे वायरचे इअरफोन असतील तर घ्या. बसमध्ये देतात, पण ते स्वस्तातले असतात आणि कानातून निसटतात. सीटच्या बाजूला किंवा पुढच्या सीटच्या पाठीला एक भोक असतं, त्यात पिन घालायची, बटणाने भाषेचा आकडा निवडायचा. मराठी अर्थातच नाही. इंग्रजी कठीण वाटत असेल तर घरातल्या कोणीतरी एका कानात ऐकून मोठ्याने सांगत राहायचं, हेच उत्तम. काही बसमध्ये रेकॉर्डऐवजी माइक घेऊन बोलणारा खराखुरा गाइड असतो. तशी बस समोर आली आणि तुम्हाला इंग्रजी समजत असेल तर तीच पकडा. त्यांचे विनोद ठरलेले असतात, पण रस्ता अडला की ते ऐनवेळी काहीतरी सांगतात, रेकॉर्ड मात्र गप्प बसतं.

खायला दशम्या, धपाटे, पोळीचा रोल, असं सांडणार नाही ते घ्या. चिवडा वाऱ्यात उडतो, हे अनुभवाने सांगते. बसमध्ये स्वच्छतागृह नसतं, हे चढण्याआधी ज्येष्ठांना स्पष्ट सांगा. फेरी दोन-अडीच तासांची होते. चढायच्या आधी आणि उतरल्यावर जवळचं सरकारी संग्रहालय शोधा. ट्रॅफल्गर चौकातली नॅशनल गॅलरी, नदीकाठचं टेट मॉडर्न, ब्रिटिश म्युझियम इथे प्रवेश फुकट आहे आणि स्वच्छतागृहं चांगली आहेत. लंडन फिरण्याचं निम्मं नियोजन असंच असतं, कोणी लिहीत नाही इतकंच.

पहिली फेरी : दुपारी चढा, बसून राहा

दुपारी दीड-दोनच्या सुमारास चढा. हिवाळ्यात नाही, डिसेंबरमध्ये चारलाच अंधार पडतो, तेव्हा सकाळी दहालाच सुरुवात करा. आम्ही स्लावहून एलिझाबेथ लाइनच्या रेल्वेने बाँड स्ट्रीटला येतो आणि तिथून मार्बल आर्चपर्यंत चालत जातो. तिथून बहुतेक बस जातात आणि जागा मिळायची शक्यता बरी असते. ट्रॅफल्गर चौकात चढलात तर वर उभं राहायलाही जागा नसते, आणि वर उभं राहू देतही नाहीत. पार्क लेनला झाडांच्या फांद्या डोक्यावरून सपासप जातात, त्यामुळे हा नियम नुसता कागदावरचा नाही.

वर जायचा जिना अरुंद आणि वळणाचा असतो. गुडघे दुखणाऱ्यांनी बस थांबलेली असतानाच चढावं-उतरावं, चालक घाई करत नाही. ज्यांना वर जाणं शक्यच नाही त्यांच्यासाठी हा खर्च मी करणार नाही. खालून दुकानांच्या काचा दिसतात, त्या साध्या लाल बसमधूनही दिसतात.

सगळे पुढच्या सीटसाठी धावतात. तिथे अर्धं छप्पर आणि काच असते, वारा कमी लागतो, म्हाताऱ्या माणसांना ती बरी. पण फोटो काचेतून काढावे लागतात आणि त्यात तुमचाच चेहरा दिसतो. फोटोवाल्यांनी चौथ्या-पाचव्या रांगेत उघड्यावर बसावं.

आता काय बघायचं. क्रम कंपनीनुसार मागेपुढे होतो, ठिकाणं मात्र हीच.

हाइड पार्क कॉर्नरला मोठी कमान लागते, वेलिंग्टन आर्च, आणि तिच्यासमोर ॲप्सली हाउस, वेलिंग्टनच्या ड्यूकचं घर. कानात वॉटर्लू आणि नेपोलियनची गोष्ट सुरू होते. आमचे आतोबा जालन्याकडचे, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी 'वेलिंग्टन' ऐकलं, इअरफोन काढला आणि मान वळवून कमानीकडे बघत राहिले. "अगं, हा तो वेलस्ली," ते म्हणाले, "आमच्या असईचा." खरंच तोच. आर्थर वेलस्ली. १८०३ च्या ऑगस्टमध्ये त्याने अहमदनगरचा किल्ला घेतला, २३ सप्टेंबरला असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला, मग अडगाव, आणि डिसेंबरात गाविलगड. वॉटर्लू त्यानंतर बारा वर्षांनी. "आम्ही पोरांना असईच्या माळावर न्यायचो," आतोबा म्हणाले, "तिथे बघण्यासारखं काही नाही म्हणून पोरं कुरकुरायची. बघण्यासारखं सगळं इकडे आणून ठेवलंय होय." बस तोवर पिकॅडिलीत शिरली होती. त्यापुढच्या प्रत्येक घोड्यावरच्या पुतळ्याकडे ते संशयाने बघत होते.

पिकॅडिलीत फोर्टनम अँड मेसन या दुकानाच्या दारावर घड्याळ आहे, दर तासाला त्यातून दोन बाहुल्या बाहेर येऊन एकमेकांना लवून नमस्कार करतात. तासाच्या ठोक्याला तिथे असाल तर मुलांना दाखवा. रीजंट स्ट्रीटचं वळण वरूनच बघावं, खालून ती नुसती दुकानांची रांग वाटते.

ट्रॅफल्गर चौकातला नेल्सनचा खांब सुमारे ५२ मीटर उंच आहे. वरचा नेल्सन दिसत नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका, पायथ्याचे सिंह बघा. ते १८६७ साली बसवले. व्हाइटहॉलमध्ये घोडेस्वार पहारेकरी, डाउनिंग स्ट्रीटचं काळं फाटक, आणि पुढे पार्लमेंट चौक. तिथे चर्चिल आणि मंडेला आहेत, आणि २०१५ पासून गांधीजीही. बस जोरात वळते, त्यामुळे गांधीजी दिसायला दोनच सेकंद मिळतात. कॅमेरा आधीच तयार ठेवा.

'बिग बेन' हे घंटेचं नाव आहे, मनोऱ्याचं नाही, हे तुम्हाला तीन वेगवेगळे लोक सांगतील. मनोऱ्याचं नाव २०१२ पासून एलिझाबेथ टॉवर. त्याहून मला आवडणारी गोष्ट पुलांची आहे. वेस्टमिन्स्टर पूल हिरव्या रंगाचा, कारण त्याच्या जवळचं हाउस ऑफ कॉमन्स हिरव्या बाकांचं. पुढचा लँबेथ पूल लाल, कारण हाउस ऑफ लॉर्ड्सची बाकं लाल. एकदा हे कळलं की दोन्ही पूल विसरत नाहीत.

पुलापलीकडे लंडन आय, १३५ मीटर उंच, ३२ पाळणे. वर जायचं की नाही हे तुमच्या खिशावर. तुम्ही बसच्या वरच्या मजल्यावरून शहर बघतच आहात, असं मी पाहुण्यांना सांगते आणि शंभरेक पाउंड वाचवते.

ऑल्डविचला लक्ष ठेवा. अर्धवर्तुळाकार रस्त्यावर इंडिया हाउस आहे, भारताचं उच्चायुक्तालय. हर्बर्ट बेकरने बांधलेली ही इमारत १९३० मध्ये उघडली. बेकर तोच, ल्यूटेन्सबरोबर नवी दिल्ली उभारणारा, म्हणून भिंतींवर आपल्याकडची नक्षी आणि चिन्हं दिसतात. त्याच भागात मागे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, जिथे बाबासाहेबांनी १९२१ मध्ये एमएस्सी आणि १९२३ मध्ये डीएस्सी मिळवली. बसवरून शाळा दिसत नाही, पण गल्लीचं तोंड दिसतं.

पुढे फ्लीट स्ट्रीट सुरू होते तिथे रस्त्याच्या मधोमध खांबावर पंखवाला ड्रॅगन बसलेला आहे. ही सिटी ऑफ लंडनची वेस, म्हणजे जुन्या शहराची हद्द. उजव्या हाताला इनर टेंपल, गांधीजी १८९१ मध्ये इथूनच बॅरिस्टर झाले. मग सेंट पॉल्सचा घुमट. वास्तुकार क्रिस्टोफर रेनने तो बांधला, कारण १६६६ च्या आगीत आधीचं चर्च आणि आजूबाजूचं बहुतेक शहर जळून गेलं होतं. ती आग पुडिंग लेनमधल्या एका बेकरीतून पेटली. त्या जागेजवळ ६१ मीटरचा खांब आहे, 'मॉन्युमेंट'. आत ३११ पायऱ्या. ज्यांचे गुडघे धड आहेत आणि लंडन आयचे पैसे जिवावर येतात त्यांनी हा चढावा, याचं तिकीट कितीतरी कमी आहे.

आणि मग सगळे ओरडतात, "लंडन ब्रिज!" तो टॉवर ब्रिज. १८९४ सालचा, दोन मनोरे, निळी-पांढरी रंगसंगती, मधोमध उघडणारा. लंडन ब्रिज नदीवर त्याच्या आधी लागतो, अगदी साधा, आपल्या ठाण्याच्या खाडीवर खपून जाईल असा. त्याआधीचा लंडन ब्रिज १९६८ साली एका अमेरिकन माणसाने विकत घेतला आणि दगड-दगड करून ॲरिझोनाला नेला. टॉवर ब्रिज वर्षातून सुमारे ८०० वेळा जहाजांसाठी उघडतो आणि त्या वेळा पुलाच्या संकेतस्थळावर आधी जाहीर होतात. एकदा आमची बस बरोबर पुलाच्या तोंडाशी अडकली. इतर दिवशी ट्रॅफिकला शिव्या घालणारे सगळे प्रवासी उभे राहून टाळ्या वाजवत होते.

परतीच्या वाटेवर बहुतेक जण डुलक्या घेतात. घेऊ द्या. चहाच्या वेळी तुम्ही जिथून चढलात तिथे परत आलेले असता आणि शहराचा एक आकार डोक्यात बसलेला असतो. रात्री घरी बसून एक यादी करा. प्रत्येकाने दोनच ठिकाणं सांगायची, जिथे उद्या उतरायचं. आमच्याकडे ही यादी करताना जेवढी भांडणं होतात तेवढी वाटणीच्या वेळीही होणार नाहीत.

दुसरा दिवस : दोनदाच उतरा

सकाळी पहिल्या बसला चढा. आता बस गाडीसारखी वापरायची, आणि तिकिटाची वेळ संपायच्या आत जास्तीत जास्त दोनदा उतरायचं. तिकीट संपायला पाच मिनिटं असताना चढलात तर पुढची अख्खी फेरी करू देतील, असं गृहीत धरू नका.

पहिलं टॉवर ऑफ लंडन. उघडताना पोचा आणि आत गेल्यावर इकडेतिकडे न बघता थेट दागिन्यांच्या दालनात जा, कारण अकरानंतर रांग वळणावळणाने बाहेर येते. आपल्याला बघायचा असतो कोहिनूर. तो दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या आईच्या १९३७ च्या मुकुटात आहे. समोरून सरकता पट्टा जातो, तुम्ही उभे राहा, तो तुम्हाला पुढे नेतो. फोटो काढू देत नाहीत. आत्या दोनदा गेली, दुसऱ्यांदा पट्ट्यावर उलटं चालायचा प्रयत्न केला. बाहेर येऊन म्हणाली, "एवढासाच?" त्याचं कारण आहे. पंजाबच्या महाराजा दुलीपसिंगांकडून १८४९ मध्ये घेतला तेव्हा तो सुमारे १८६ कॅरेटचा होता, १८५२ मध्ये इथे पैलू पाडताना १०५ कॅरेटवर आला. टॉवरचं तिकीट वेगळं आहे आणि तेही बसइतकंच भारी, त्यामुळे अडीच-तीन तास द्यायचे नसतील तर बाहेरून बघा.

दुसरं ठिकाण तुमच्या आवडीचं. वेस्टमिन्स्टर ॲबी, सेंट पॉल्स, ब्रिटिश म्युझियम, काहीही. साउथ केन्सिंग्टनला जाणारी फेरी असेल तर व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, प्रवेश फुकट. मराठी पाहुणे तिथे वाघनखं शोधत फिरतात. ती २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आणली गेली, आधी साताऱ्याच्या संग्रहालयात, तेव्हा त्या मुदतीत ती महाराष्ट्रातच कुठे आहेत ते बघा. टिपूचा वाघ मात्र इथेच आहे, शिपायाला पाडून बसलेला, लाकडी.

बकिंगहॅम राजवाड्यासाठी या बसवर अवलंबून राहू नका. राजवाड्यासमोर बस जात नाही, जवळच्या थांब्यावरून दहाएक मिनिटं चालावं लागतं. पहारेकऱ्यांची अदलाबदल साधारण सोमवार, बुधवार, शुक्रवार, रविवारी सकाळी अकराला असते आणि चांगली जागा हवी तर तासभर आधी उभं राहावं लागतं. ते एका वेगळ्या सकाळचं काम.

बस आली नाही तर

लंडनमध्ये कशासाठी ना कशासाठी रस्ते बंद असतात. शनिवार-रविवारी मोर्चे, एप्रिलमधल्या एका रविवारी मॅरेथॉन. एका रविवारी आम्ही थांब्यावर चाळीस मिनिटं उभे होतो. बस दुसऱ्या रस्त्याने वळवली होती आणि थांब्यावर चिटोराही लावलेला नव्हता. शेवटी फोनवर कंपनीचं ॲप उघडून बसचा ठिपका बघितला तेव्हा कळलं की तो आमच्यापासून दूर दूर चाललाय. तेव्हा आधी ॲप बघा, मग थांब्यावर जा. आणि जमलं तर मंगळवार-बुधवार निवडा.

अडकलात तर साधी लाल बस आहे. क्रमांक १५ ट्रॅफल्गर चौकाकडून सेंट पॉल्स आणि टॉवरकडे जाते. क्रमांक ९ ऑल्डविचहून ट्रॅफल्गर, पिकॅडिली, हाइड पार्क कॉर्नर करत रॉयल अल्बर्ट हॉलच्या पुढे जाते. २०२५ मध्ये भाडं एक पाउंड ७५ पेन्स होतं आणि पहिल्या बसपासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी तेवढंच कापलं जातं. रोख पैसे २०१४ पासून चालत नाहीत. कार्ड टेकवायचं, प्रत्येक माणसाचं वेगळं, एकाच कार्डावर दोघं जाता येत नाही. अकरा वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर फुकट. याही बसला वरचा मजला असतो, छप्परही असतं आणि पुढची सीट रिकामी मिळते. ज्यांचं बजेट तंग आहे त्यांना मी पर्यटक बस सोडून हीच १५ आणि ९ ची जोडी सांगते. कानात गोष्टी सांगणारं कोणी नसतं, त्यासाठी हा लेख फोनवर ठेवा.

जिथे ही बस जात नाही

मराठी माणसाचं लंडन पर्यटक बसच्या रस्त्यावर नाही, ते थोडं उत्तरेला आहे. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहत होते ते १०, किंग हेन्रीज रोडवरचं घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलं आणि तिथे स्मारक केलं. नॉर्दर्न लाइनचं चॉक फार्म स्टेशन जवळ पडतं. जाण्याआधी उघडण्याचे दिवस बघून घ्या. हायगेटला ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू, हे शामजी कृष्ण वर्मांचं इंडिया हाउस, भारतीय विद्यार्थ्यांचं वसतिगृह (ऑल्डविचचं इंडिया हाउस वेगळं), सावरकर इथे राहत होते. भिंतीवर सावरकरांच्या नावाची गोल पाटी आहे.

आणि पॅडिंग्टनला परतीची गाडी पकडायची असेल तर तिथून पंधराएक मिनिटं चालत १०, हाउली प्लेसला जा. इंग्रज पत्रकार चिरोलवर भरलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी आले होते तेव्हा, १९१८-१९ मध्ये, टिळक या घरात राहिले. पांढऱ्या घरांची शांत गल्ली आहे. भिंतीवर पाटी आहे, 'लोकमान्य टिळक'. आतोबा तिथे चपला काढून उभे राहिले, आत्या म्हणाली, पाय गारठतील. पाटी रस्त्यावरूनच बघा, बेल वाजवू नका, आत कोणीतरी राहतं.